औषध बाहेर फेकणारे जंतूंचे पंप: आकार महत्त्वाचा की हालचाल?

तांबडी_माती | सोमवार, रात्री ९:१५

टायफॉइडच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की "जंतूंना औषधाची सवय होते". तिथे उत्तर द्यायला बसलो आणि प्रतिसाद इतका लांबला की म्हटलं वेगळा धागाच काढू. चिपळूणला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे मास्तरकी डोकावली तर सांभाळून घ्या.

सवय वगैरे काही होत नसते. जंतू औषध फोडणारं एन्झाइम बनवतो, किंवा औषध जिथे जाऊन चिकटतं ती जागाच बदलतो, किंवा औषध आत शिरण्याच्या वाटा कमी करतो, किंवा आत आलेलं औषध उचलून परत बाहेर टाकतो. या शेवटच्या प्रकाराला एफ्लक्स म्हणतात. १९८० साली स्टुअर्ट लेव्ही आणि सहकाऱ्यांनी टेट्रासायक्लिनच्या बाबतीत तो पहिल्यांदा दाखवला. त्यांना सापडलेले पंप एकाच औषधाच्या कुळाला ओळखणारे होते. मला ज्यांच्याबद्दल बोलायचंय ते मात्र एकटे दहा तऱ्हेची औषधं फेकतात.

त्यातला सगळ्यात जास्त अभ्यासलेला म्हणजे आतड्यात राहणाऱ्या इ. कोलाय जंतूमधला एसीआरएबी-टॉलसी. टायफॉइडचा जंतू ज्या कुळातला, त्या साल्मोनेलातही जवळजवळ हाच असतो. या जंतूंना दोन आवरणं असतात, मध्ये पेरिप्लाझम नावाची चिंचोळी जागा. आतल्या आवरणात एसीआरबी हे प्रथिन बसतं, बाहेरच्या आवरणात टॉलसी नावाची सुमारे १४ नॅनोमीटर लांबीची नळी, आणि दोघांना जोडायला एसीआरए. एसीआरबीच्या तीन प्रती, टॉलसीच्या तीन, एसीआरएच्या सहा. औषध पेशीच्या पोटातून उचललं जात नाही. आतल्या आवरणाच्या वरच्या थरातून आणि पेरिप्लाझममधूनच उचलून थेट पेशीबाहेर टाकलं जातं. म्हणजे औषध पूर्ण आत पोचायच्या आधीच त्याची रवानगी.

हा पंप काय काय फेकतो पाहा: एरिथ्रोमायसिन, मिनोसायक्लिन, रिफॅम्पिसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, कॅन्सरवरचं डॉक्सोरुबिसिन, प्रयोगशाळेतले रंग, साबणासारखी रसायनं, आपल्या पित्तातले क्षार. यांच्यात रासायनिक साम्य म्हणाल तर "पाण्यापेक्षा तेलाशी जास्त जमतं" एवढंच. बारावीच्या पुस्तकात प्रथिन आणि त्याला चिकटणारा रेणू यांना कुलूप आणि किल्ली म्हणतात. इथे ते लागूच पडत नाही.

२००२ साली ओसाकातल्या मुराकामी, यामागुची यांच्या गटाने एसीआरबीचे क्रिस्टल बनवून त्यावरून त्याची रचना काढली, तेव्हा तिन्ही प्रती अगदी सारख्या दिसल्या. छान सममित, पण काम कसं चालतं ते कळेना. २००६ साली त्यांच्याच गटाने आणि झुरिकमधल्या क्लास पोस यांच्या गटाने स्वतंत्रपणे असममित रचना काढली आणि खरा उलगडा झाला. तीन प्रती एकाच वेळी तीन वेगळ्या अवस्थांत असतात: एक सैल, औषध घ्यायला तयार, दुसरी घट्ट, औषध धरून बसलेली, तिसरी उघडी, औषध वर नळीकडे सोडून देणारी. मग प्रत्येक प्रत क्रमाने पुढच्या अवस्थेत जाते. पंप गोल फिरत नाही हं, अवस्था फिरतात.

आता मुद्द्याचं. औषध धरण्याच्या जागा दोन आहेत. बाहेरच्या बाजूचा कप्पा आणि आतला खोल कप्पा. २०११ च्या रचनांमध्ये रिफॅम्पिसिन आणि एरिथ्रोमायसिन ही मोठी औषधं बाहेरच्या कप्प्यात दिसली, मिनोसायक्लिन आणि डॉक्सोरुबिसिन खोल कप्प्यात. दोन कप्प्यांच्या मध्ये प्रथिनाच्या साखळीचा एक लवचीक वळसा आहे, त्याला स्विच-लूप म्हणतात. मोठं औषध पुढे सरकायचं तर हा वळसा बाजूला व्हावा लागतो. पोस यांच्या गटाने या वळशातली अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले मणी, बदलून त्याची लवचीकता कमी केली. २०१४ चं काम आहे. झालं असं की मॅक्रोलाइडसारख्या (एरिथ्रोमायसिनच्या कुळातल्या) मोठ्या औषधांची वाहतूक मंदावली, लहान औषधांना फारसा फरक पडला नाही. कप्प्याचा आकार तोच, हालचाल बदलली, आणि कोणतं औषध जाणार ते बदललं.

म्हणून माझं म्हणणं: या पंपांची "निवड" आकारात कमी आणि हालचालीत जास्त आहे. चर्चा करा.

शंकासूर | सोमवार, रात्री १०:०२

लेख आवडला, पण आमचं कामच शंका काढणं. तुम्ही म्हणता अवस्था फिरतात. क्रिस्टल म्हणजे गोठलेला फोटो. एका फोटोत तीन माणसं दिसली, एक बसलेला, एक वाकलेला, एक उभा, म्हणून "माणूस बसतो, मग वाकतो, मग उठतो" असं ठरवणार का? तीन वेगळे स्वभाव असतील त्या तीन प्रतींचे. हलतं हे कुणी पाहिलंय?

वेंगुर्लेकर_काका | सोमवार, रात्री १०:२०

वाचलंय सगळा. अर्धा समाजला, अर्धा डोक्यावरसून गेला. मी बोटीच्या इंजनार काम करून जल्म काडलंय, म्हणान एक इचारतंय. पंप म्हटल्यार ताकद लागताच. ह्या पंपाक डिझेल खय घालतत?

सई_अलिबाग | सोमवार, रात्री १०:३१

वाचतेय. काकांचा प्रश्न माझाही.

तांबडी_माती | सोमवार, रात्री ११:१०

@शंकासूर, तुमची शंका अगदी रास्त आहे आणि २००६ नंतर लगेच नेमकी हीच शंका लोकांनी तपासली. बर्कलीचे हिरोशी निकाइडो आणि ताकात्सुका यांनी २००७ साली काय केलं: पेरिप्लाझममधल्या भागात एक खाच आहे, जी अवस्थेप्रमाणे मिटते-उघडते. त्या खाचेच्या दोन्ही काठांवर सिस्टीन हे अमिनो आम्ल बसवलं. दोन सिस्टीन जवळ आले की त्यांच्यात गंधकाचा बंध तयार होतो आणि खाच जखडते. पंप बंद! पुढच्या वर्षी पोस यांच्या गटाने असेच बंध वेगवेगळ्या ठिकाणी टाकले आणि मग बंध तोडणारं रसायन, डीटीटी, घातलं. बंध सुटल्यावर पंप पुन्हा चालू. प्रथिन तेच, अमिनो आम्लं तीच, फरक फक्त हलायला मोकळीक आहे की नाही एवढा. तीन वेगळे "स्वभाव" असते तर जखडल्याने काही बिघडायला नको होतं.

@वेंगुर्लेकर काका, डिझेल म्हणजे प्रोटॉन. पेशी आपल्या आतल्या आवरणाच्या बाहेर सतत प्रोटॉन साठवून ठेवते, ते आत यायला धडपडत असतात. एसीआरबीचा जो भाग आवरणात बुडालेला आहे, तिथे ४०७ आणि ४०८ क्रमांकाची दोन अ‍ॅस्पार्टेट आणि ९४० व्या जागी एक लायसिन आहे. प्रोटॉन या अ‍ॅस्पार्टेटवर येऊन बसतो, तिथला विद्युतभार बदलतो, आवरणातले दांडे जरासे सरकतात, आणि प्रोटॉन आत उतरतो. मजा अशी की औषधाचा कप्पा तिथून सुमारे ५ नॅनोमीटर वर आहे. प्रोटॉन आणि औषध एकमेकांना भेटतही नाहीत. खालचा धक्का वरच्या कप्प्यापर्यंत पोचतो तो प्रथिनाच्या अंगातून. अख्खं प्रथिन ताठ असतं तर हे कसं झालं असतं?

डॉ_देवगड | मंगळवार, सकाळी ७:४०

ओपीडी सुरू व्हायच्या आधी लिहितोय. तांबडी_माती सर, शास्त्र उत्तम, पण मला रोजच्या कामाशी जोडून हवंय. आमच्याकडे गणपतीत मुंबईकर मंडळी येतात, मग पंधरा-वीस दिवसांनी टायफॉइडचे ताप दिसायला लागतात. सिप्रो आम्ही टायफॉइडला कधीच सोडलं, कारण जंतूच्या डीएनए-गायरेजमध्ये, म्हणजे सिप्रो जिथे चिकटतं त्या प्रथिनात, बदल झालेत. गोळीने भागण्यासारखा रुग्ण असेल तर अ‍ॅझिथ्रोमायसिन हाच मोठा आधार. या पंपांचा तिथे काही हात आहे का? असेल तर पुढचं बोलू, नाहीतर हे सगळं प्रयोगशाळेतलं कौतुक.

तांबडी_माती | मंगळवार, दुपारी १:२५

डॉक्टर, हात आहे आणि तो तुमच्या आवडीचा नाही.

बांगलादेशातल्या संशोधकांनी २०१९ साली दाखवलं की अ‍ॅझिथ्रोमायसिनला दाद न देणाऱ्या साल्मोनेला टायफीमध्ये, म्हणजे टायफॉइडच्याच जंतूत, एसीआरबीतलं ७१७ वं अमिनो आम्ल बदललेलं आहे. मूळ तिथे आर्जिनिन, त्याजागी ग्लुटामिन. त्याचं भावंड असलेल्या पॅराटायफी ए मध्ये त्याच जागी ल्युसिन. त्यानंतर पाकिस्तान, नेपाळ आणि उत्तर भारतातल्या टायफीतही ७१७ व्या जागेचे बदल सापडले, आणि ते एकाच्या अंगातून दुसऱ्यात पसरलेले नव्हते, वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे उपजलेले. ही जागा औषध पंपात शिरतं त्या तोंडाशी आहे. एक अक्षर बदललं आणि पंप अ‍ॅझिथ्रोमायसिन जास्त चांगलं फेकू लागला. प्लास्मिड (जंतूंमध्ये हातोहात फिरणारा डीएनएचा तुकडा) नको, दुसऱ्या जंतूकडून उसनवारी नको.

दुसरं उदाहरण मला त्याहून बोलकं वाटतं. २०१५ साली इंग्लंडमधल्या गटाने साल्मोनेला टायफीम्युरियमचे एकाच रुग्णाकडून उपचाराच्या आधी आणि नंतर घेतलेले नमुने तपासले. उपचारानंतरच्या जंतूत एसीआरबीच्या २८८ व्या जागी ग्लायसिनऐवजी अ‍ॅस्पार्टेट आलं होतं. ही जागा थेट खोल कप्प्यात. ग्लायसिन हे सगळ्यात लहान अमिनो आम्ल, साखळीला वळायला मोकळीक देणारं; त्याजागी भार असलेलं मोठं आम्ल. सिप्रोविरुद्धचा प्रतिकार वाढला. पण डॉक्सोरुबिसिन आणि मिनोसायक्लिन फेकायची ताकद घटली, म्हणजे त्या औषधांना जंतू आधीपेक्षा हळवा झाला! पंप "सुधारला" नाही, त्याचा कल बदलला.

शंकासूर | मंगळवार, दुपारी २:०५

थांबा. हे तर आकार बदलल्याचं उदाहरण झालं. लहान आम्लाच्या जागी मोठं घातलं, कप्पा अरुंद झाला, एक औषध बसेना, दुसरं बसायला लागलं. हालचाल कुठे आली यात? मूळ दाव्याला हे उदाहरण मदत करत नाही असं माझं मत. शिमग्यात नमनाला शंकासूर नाचतो तो उगाच नाही.

अणुरेणू | मंगळवार, रात्री ८:५०

मी मूळ दापोलीचा, सध्या पुण्यात रेणूंच्या हालचालींची संगणकावर सिम्युलेशन्स करतो. इतके दिवस फक्त वाचत होतो, पण शंकासूरांनी आमच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंय म्हणून लिहितो.

आधी जुनं उदाहरण. खोल कप्प्यात फिनाइलअ‍ॅलनिनची गर्दी आहे: १७८, ६१०, ६१५, ६२८. एकेक बदलून पाहिलं तर ६१० वालं बदलल्यावर पंप सगळ्यात जास्त लंगडा होतो, बऱ्याच औषधांच्या बाबतीत. गंमत म्हणजे २००६ च्या रचनेत ६१० ची औषधाशी फार सलगी दिसतच नव्हती. आकाराच्या हिशोबाने ते कोपऱ्यातलं, बिनमहत्त्वाचं. इटलीतल्या काल्यारीच्या वार्जू आणि रुजेरोने यांच्या गटाने २०११ साली सिम्युलेशन करून पाहिलं. ६१० च्या जागी अ‍ॅलनिन घातलं की डॉक्सोरुबिसिन कप्प्यात सरकून आणखी आत रुतून बसतं. तिथून अवस्था बदलताना ते बाहेरच्या वाटेवर ढकललं जात नाही. म्हणजे औषध धरण्यात अडचण नाही, उलट ते जास्तच घट्ट धरलं जातं. बिघडतं ते सोडणं. पंपाचं काम धरणं नव्हे, धरून योग्य वेळी सोडणं आहे.

आता २८८ चं. यावर लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या एमन रीडिंग यांच्या गटाचं २०२० चं काम आहे. त्यांनी हायड्रोजन-ड्युटेरियम अदलाबदल वापरली. ही पद्धत मला फार देखणी वाटते म्हणून जरा सविस्तर सांगतो. प्रथिनाच्या कण्यावर जागोजागी हायड्रोजन असतात. प्रथिन जड पाण्यात टाकलं की हे हायड्रोजन सुटून त्याजागी त्या पाण्यातला ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचाच जड भाऊ, येतो. जिथे प्रथिन सैल आहे, सतत उघडमीट करतंय, तिथे ही अदलाबदल झटपट होते. जिथे ताठ आणि बंदिस्त आहे, तिथे सावकाश. काही सेकंद, काही मिनिटं, काही तास असे वेगवेगळ्या वेळी नमुने काढायचे, आम्ल घालून आणि बर्फाइतकं थंड करून अदलाबदल थांबवायची, पेप्सिनने प्रथिनाचे तुकडे करायचे, आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर प्रत्येक तुकड्याचं वजन किती वाढलं ते पाहायचं. हो, पेप्सिन म्हणजे आपल्या जठरातलंच. तुकड्याचं वजन सांगतं की प्रथिनाचा तो भाग किती हलत होता.

यातून दिसलं की २८८ चा बदल फक्त कप्प्यापुरता राहत नाही. औषध ज्या वाटेने जातं त्या वाटेची लवचीकता बदलते. शंकासूर, कप्पा निव्वळ अरुंद झाला असता तर परिणाम तिथल्या तिथे दिसला असता.

आणि त्याच कामातला दुसरा निष्कर्ष मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पंप अडवणारं पीएबीएन नावाचं एक रसायन आहे, प्रयोगशाळेत पुष्कळ वापरतात. सगळ्यांचा समज असा की ते कप्प्यात जाऊन बसतं, औषधाला जागा उरत नाही, संपलं. तसं नाहीये. औषध आणि पीएबीएन दोघंही एकाच वेळी पंपाला चिकटू शकतात. पीएबीएन कप्प्याच्या भिंतींची हालचाल आवरतं. औषध आत बसलेलंच आहे, पण भिंती हलत नाहीत म्हणून ते पुढे सरकत नाही.

शंकासूर | मंगळवार, रात्री ९:१५

हे मान्य. अडवणारं रसायन औषधाला हुसकावत नसेल आणि तरी पंप थांबत असेल, तर हालचालीशिवाय दुसरं उत्तर मला सुचत नाही. २८८ बद्दल मात्र अजून पन्नास टक्केच पटलंय. एकाच बदलात आकारही बदलतो आणि लवचीकताही. दोघांना वेगळं काढलं का कुणी?

अणुरेणू | मंगळवार, रात्री ९:४०

पूर्ण वेगळं काढणं अवघडच. म्हणूनच मला तांबडी_माती यांनी दिलेलं स्विच-लूपचं उदाहरण जास्त स्वच्छ वाटतं. आणि आमच्या सिम्युलेशनची मर्यादाही सांगून टाकतो: एवढं मोठं प्रथिन, आवरण, पाणी सगळं घेऊन आम्ही नॅनोसेकंद, फार तर मायक्रोसेकंद चालवतो. पंपाची एक फेरी त्याहून कितीतरी पट सावकाश होते. त्यामुळे पूर्ण फेरी पाहायची तर प्रथिनाला एका अवस्थेतून दुसरीकडे मुद्दाम ढकलावं लागतं. ढकलून मिळालेलं उत्तर आणि आपसूक मिळालेलं उत्तर यात फरक असू शकतो. म्हणून एकटं सिम्युलेशन कुणी पुरावा म्हणून पुढे केलं तर तुमच्यासारख्यांनी ओरडायलाच हवं.

सई_अलिबाग | बुधवार, सकाळी ११:००

माझा प्रश्न घरगुती आहे, हसू नका. मिरी आणि अँटिबायोटिक यांच्याबद्दल सगळीकडे फिरणारा मेसेज आहे, की मिऱ्यातल्या पायपरिनमुळे जंतूंचे पंप बंद पडतात, म्हणून गोळी मिरपूड-मधाबरोबर घ्या. आमच्या वाडीत सुपारीवर मिरीचे वेल आहेत, सासूबाईंना तर आनंदच झालाय. यात तथ्य किती?

तांबडी_माती | बुधवार, दुपारी १:४०

ताई, हसण्यासारखं काही नाही, मूळ काम खरं आहे आणि भारतातलंच आहे. जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २००६ साली दाखवलं की पायपरिन बरोबर असलं की स्टॅफिलोकॉकस ऑरियस (जखमा पिकवणारा जंतू) याच्यावर सिप्रो कमी मात्रेतही चालतं. त्या जंतूत नॉरए नावाचा पंप असतो, पायपरिन त्याला अडवतं. सर्पगंधेतलं रेसर्पिनही असंच नॉरएला अडवतं, हे त्याआधीपासून माहीत आहे.

पण हे सगळं प्रयोगशाळेतल्या नळीत. नळीत जेवढं पायपरिन घातलं तेवढं मिरपूड खाऊन रक्तात, जखमेत पोचणार नाही. रेसर्पिनची तर आणखी पंचाईत: पंप अडवायला जेवढं लागतं तेवढं माणसाला सोसणारं नाही, ते रक्तदाब पाडणारं औषध आहे. शिवाय नॉरए एसीआरबीहून अगदी वेगळ्या कुळातला, स्टॅफला बाहेरचं दुसरं आवरणही नसतं. टायफॉइडच्या जंतूला मिरपूड दाखवून काही होणार नाही.

डॉ_देवगड | बुधवार, दुपारी २:१०

यात माझी भर: पायपरिन आपल्या यकृतातली एन्झाइम्सही मंदावतं, त्यामुळे काही औषधांची रक्तातली पातळी भलतीच वाढते. सासूबाईंना सांगा मिरी आमटीत घाला. गोळी पाण्याबरोबर.

कोळंबीवाला_गुहागर | बुधवार, संध्याकाळी ६:३०

खाडीलगत माझी वेनामी कोळंबीची तळी आहेत. अँटिबायोटिकचा विषय निघाला की सगळ्यांची बोटं आमच्याकडे. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान बंद, निर्यातीआधी माल तपासला जातो, कण सापडला तरी कंटेनर परत येतो. मी वापरत नाही. पण दर आठवड्याला पाणी टीसीबीएस प्लेटवर (व्हिब्रिओ जंतू वाढवून पाहायची ताटली) लावतो आणि हिरव्या कॉलनी वाढल्या की पोटात गोळा येतो. मग बीकेसी हे जंतुनाशक मारतो. तर प्रश्न असा: अँटिबायोटिक वापरलंच नाही तर व्हिब्रिओत हे पंप असायचं कारण काय?

तांबडी_माती | बुधवार, रात्री ९:२०

दादा, हे पंप अँटिबायोटिकपेक्षा फार जुने आहेत. साल्मोनेलाला आतड्यात जगायचं तर पित्ताचे क्षार रोज बाहेर फेकावे लागतात, तेच एसीआरबीचं नेहमीचं काम. आपली औषधं त्या वाटेवर मध्येच येऊन पडली.

व्हिब्रिओबद्दल तर तुम्हाला आवडेल अशी गोष्ट आहे. तुमच्या प्लेटवरच्या हिरव्या कॉलनींमध्ये जो व्हिब्रिओ पॅराहीमोलायटिकस असतो, त्याच्यातच १९९८ साली जपानी संशोधकांना नॉरएम नावाचा पंप सापडला. एका नव्याच कुळाचा पहिला सभासद. आणि तो चालतो सोडियमवर! खाऱ्या पाण्यातला जंतू, मीठ भरपूर, बाहेरून आत घुसणारा सोडियमच त्याने कामाला लावला. काका, तुमच्या डिझेलच्या प्रश्नाचं हे दुसरं उत्तर. २०१० साली व्हिब्रिओ कॉलरीतल्या नॉरएमची रचना निघाली. हा पंप तीन प्रतींचा नाही, एकटाच, आणि एकदा बाहेर तोंड उघडतो, एकदा आत.

बीकेसीबद्दल मात्र जरा जपून. बीकेसी म्हणजे बेंझाल्कोनियम क्लोराइड, आणि त्या जातीची रसायनं अनेक पंपांचा नेहमीचा माल आहेत. इ. कोलायमध्ये ईएमआरई नावाचा एक पंप आहे, फक्त ११० अमिनो आम्लांचा. एसीआरबीची एक प्रत १०४९ ची, त्यावरून अंदाज घ्या. ईएमआरईच्या दोन प्रती एकमेकींच्या उलट्या, एक डोकं वर एक डोकं खाली, अशा जोडीने बसतात. त्यामुळे पंपाने तोंड फिरवलं की आत दिसणारा आकार आणि बाहेर दिसणारा आकार तोच असतो, फक्त दोन प्रतींनी भूमिका बदललेल्या. हे २०१२ साली सिद्ध झालं. आणि तोंड किती वेगाने फिरवायचं हे आत बसलेल्या रेणूवर अवलंबून असतं: एक रेणू धरला तर पटापट, दुसरा धरला तर सावकाश. पुन्हा हालचालच.

कोळंबीवाला_गुहागर | बुधवार, रात्री ९:५०

म्हणजे बीकेसी मारून मी पंपवाल्या जंतूंनाच रान मोकळं करून देतोय?

तांबडी_माती | बुधवार, रात्री १०:०५

योग्य मात्रा मारली तर बहुतेक जंतू पंप असूनही मरतात. घोटाळा अर्ध्या मात्रेत आहे, किंवा तळ्यात गाळ आणि उरलेलं खाद्य इतकं असतं की बीकेसी त्यालाच चिकटून संपतं. तेव्हा जे तरतात त्यांच्यात पंप जोरात चालणारे जास्त असण्याची शक्यता वाढते. तुमच्या तळ्यात नेमकं काय चाललंय ते मी इथे बसून सांगू शकत नाही, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात पाणी आणि गाळ दाखवा.

वेंगुर्लेकर_काका | गुरुवार, सकाळी ८:१५

दोन उत्तरा मेळली, प्रोटॉन आणि मीठ. आता शेवटचा इचारतंय. माज्या बोटीक तीन शिलिंडरचा इंजन होता. एक शिलिंडर गेलो तरी धापा टाकत बंदराक येय. ह्या तुमच्या तीन प्रतींच्या पंपातली एक प्रत मेली तर बाकीचे दोन चलतत काय?

तांबडी_माती | गुरुवार, दुपारी १:१५

काका, निकाइडो आणि ताकात्सुका यांना २००९ साली हाच प्रश्न पडला होता. अडचण अशी की पेशीत तीन प्रती आपापल्या जुळतात, मेलेली प्रत नेमकी एकच घालायची कशी? त्यांनी तिन्ही प्रती एकाच लांब साखळीत जोडून टाकल्या, तीन एसीआरबी मिळून एकच प्रथिन. ते चाललं. मग त्यातल्या फक्त एका प्रतीतला प्रोटॉन धरण्याचा भाग निकामी केला. अख्खा पंप थांबला. खाचेला गंधकाच्या बंधाने जखडून पाहिलं, तेही एकाच प्रतीत. तरी थांबला. दोन चालत्या प्रतींचा काही उपयोग नाही, कारण एक सैल झाल्याशिवाय दुसरी घट्ट होऊ शकत नाही.

वेंगुर्लेकर_काका | गुरुवार, दुपारी १:४०

मगे माजा इंजन बरा.

डॉ_देवगड | गुरुवार, रात्री ९:३०

काकांच्या प्रश्नातून माझा प्रश्न निघतो. तीनपैकी एक जखडली की पंप बंद, तर मग जखडणारं औषध बाजारात का नाही? मी तरी अजून एकही लिहून दिलेलं नाही.

अणुरेणू | गुरुवार, रात्री १०:२५

कारण मंजूर झालेलं एकही नाही. पीएबीएन माणसाला द्यायच्या लायकीचं नाही, मात्रा जास्त झाली की ते जंतूच्या आवरणालाच इजा करतं, मग पंप थांबला की आवरण फाटलं तेही कळत नाही. जपानमध्ये तयार झालेलं डी१३-९००१ नावाचं रसायन खोल कप्प्यातल्या फिनाइलअ‍ॅलनिनच्या खळग्यात घट्ट बसतं, एसीआरबी आणि स्युडोमोनास नावाच्या जंतूतला तसाच पंप एमईएक्सबी, दोघांना छान अडवतं. पण त्याच स्युडोमोनासच्या एमईएक्सवाय या दुसऱ्या पंपामध्ये १७८ च्या जोडीच्या जागी ट्रिप्टोफॅन आहे. ते जरा मोठं, आडवं येतं, आणि रसायन तिथे बसतच नाही. जंतूकडे दुसरा पंप तयारच असतो.

सध्या मला आशा वाटते ती एसीआरए अडवण्याच्या कामात. मधला जोडणारा भाग, ज्याच्याकडे बरीच वर्षं कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. २०२३ साली रीडिंग यांच्याच गटाने, पुन्हा जड पाण्याच्या पद्धतीने, दाखवलं की एक रसायन एसीआरएच्या दोन भागांच्या सांध्यात पाचरीसारखं बसतं आणि त्याची हालचाल आखडते. औषधाच्या कप्प्याशी त्याचा संबंधच नाही, त्यामुळे कप्प्यातलं आम्ल बदलून जंतूला यातून सहज सुटता येऊ नये असा अंदाज. अंदाजच आहे, शंकासूरांनी झडप घालायच्या आधी सांगतो.

शंकासूर | गुरुवार, रात्री १०:४०

झडप घालणारच. सांध्यातलं आम्ल बदलून जंतू सुटेल की! पण ते बदलल्यावर एसीआरए धड हलेल का, हे तपासायला हवं. केलंय का कुणी?

अणुरेणू | गुरुवार, रात्री १०:५५

उद्या शोधून टाकतो. तोवर धागा वर राहू द्या.